आधी समोरच्याची बाजू

कुशनं इलाच्या हातातून फायर ट्रक ओढून घेतला आणि दोघंही रडत जीपींकडे गेली. रेणूताईच्या पाळणाघरात तक्रार न्यायची जागा ठरलेली होती. घराच्या पुढच्या पोर्चमध्ये एक वेताची खुर्ची, आणि खुर्चीत काळा कोट घालून बसलेले एक्क्याण्णव वर्षांचे गृहस्थ. तेही जॉर्जियातल्या ऑगस्टमध्ये, जेव्हा टपाल टाकणारा माणूससुद्धा अर्ध्या चड्डीत येतो.

"कुश, तू इलाचा वकील. इला, तू कुशची वकील. बोला."

चार वर्षांच्या कुशनं नाक पुसलं. "इला हॅड इट फर्स्ट," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इलानं मग कुशची बाजू मांडली. त्याच्या घरी एकही ट्रक नाही, त्याच्या बाबांचा जॉब गेलाय, म्हणून तो इथेच खेळून घेतो. हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. जीपींनी निकाल राखून ठेवला. तोवर पोरं झोक्याकडे पळाली होती आणि ट्रक पायरीवर पडून होता.

गुरुदत्त राजाध्यक्ष हे त्यांचं नाव. जीपी म्हणजे गव्हर्न्मेंट प्लीडर, सरकारी वकील. मुलांना वाटायचं जीपी म्हणजे ग्रँडपा, आणि त्यांनी तो समज कधी दूर केला नाही. ते रेणूताईच्या वडिलांचे वडील. रेणूताई माझी मावसबहीण, अमेरिकेतच जन्मलेली आणि वाढलेली. २००४ मध्ये मी अटलांटात शिकत होते आणि तिथल्याच एका उपनगरात, अल्फारेटाला, तिच्याच घरी राहत होते, म्हणून हा माणूस मला रोज पाहायला मिळाला.

त्यांचा मुलगा श्रीराम, म्हणजे रेणूताईचे बाबा, तिकडे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असतो. मोठं घर, मागे लिंबाची झाडं, सगळं छान. पण दिवसभर घरात चिटपाखरू नाही. नात अल्फारेटाला पाळणाघर चालवते आणि तिच्याकडे सकाळपासून सहा मुलं आरडाओरडा करत असतात, हे फोनवर ऐकलं तेव्हा जीपींनी बॅग भरायला घेतली. श्रीरामकाका म्हणाले, बाबा, त्या गोंगाटात तुम्हाला झोप लागायची नाही. जीपी म्हणाले, मला झोप नकोय, मला पक्षकार हवेत.

बोलणं असं नेमकं. पिझ्झा कुठला मागवायचा असं विचारलं तरी "माझा अभिप्राय असा की" अशी सुरुवात. तो 'अभिप्राय' त्यांच्या अंगात मुरला होता, कारण आयुष्यभर तोच त्यांचा धंदा होता. मुंबईत वकिलीची परीक्षा देऊन ते इंग्रजांच्या अमदानीत धुळ्याच्या कोर्टात उभे राहिले आणि तिशी गाठायच्या आत तिथल्या सरकारी वकिलांचे सहायक झाले. मग जिल्हा सरकारी वकील, मग मुंबई हायकोर्टात, आणि शेवटची काही वर्षं सचिवालयात, मंत्र्यांना कायदेशीर सल्ला देण्यासाठी. तिथे त्यांची ख्याती अशी होती, की ज्या फाइलवर सरकारचं चुकलेलं असेल तिच्यावर त्यांचा अभिप्राय एका शब्दाचा असायचा: हरणार. एक मंत्री आपल्या सेक्रेटरीला म्हणे सांगायचे, "ही फाइल राजाध्यक्षांकडे पाठवू नका, ते उत्तर देतील."

हे सगळं जीपी हसत सांगायचे. पश्चात्ताप नाही, बढाईही नाही. दोन राजवटींच्या वतीनं कोर्टात उभं राहिलेला माणूस. त्याला आपल्या आवाजावर पुरता भरवसा होता.

सप्टेंबरात सिटी हॉलमधून पत्र आलं. रेणूताईच्या पाळणाघराचं परमिट दर तीन वर्षांनी नवं करायचं असतं. एरवी ते आपोआप होतं. या वेळी समोरच्या घरातल्या मिसेस हॅचर यांनी लेखी हरकत घेतली होती. वाहतुकीला अडथळा, एवढंच कारण. त्यामुळे बोर्डासमोर सुनावणी होणार होती, आणि बोर्डानं नाही म्हटलं तर पाळणाघर महिनाअखेर बंद.

रेणूताईनं शाळेतली पक्की नोकरी सोडून हे पाळणाघर उभं केलं होतं. तळघरात स्वतः गुडघ्यांवर बसून फरशी घातली होती. सहाही मुलं मराठी घरांतली, आणि त्यांतल्या निम्म्यांना 'पाणी दे' आणि 'शू लागली' यापलीकडचं मराठी तिनंच शिकवलेलं. तिनं पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं.

"हे सरळ सरळ डिस्क्रिमिनेशन आहे," ती म्हणाली. "सप्टेंबर इलेव्हननंतर लोक कसे बघतात माहितीये ना? ते दोघं कधी वेव्हसुद्धा करत नाहीत. नेव्हर."

निमिष, तिचा नवरा, नागपूरचा. भांडण टाळायचं असलं की तो उपाय सुचवतो. "लॉयर करू ना यार. माझ्या टीममधल्या एकाच्या ओळखीचा आहे."

"लॉयर घरात आहे." रेणूताई पोर्चमध्ये जाऊन जीपींसमोर मांडी घालून बसली. "जीपी, माझी केस तुम्ही तयार करायची."

त्यांनी पत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं. "करीन. आधी हॅचरबाईंची मांड."

"म्हणजे?"

"तू हॅचरबाई. मी बोर्ड. तुला हे पाळणाघर बंद करून हवंय. बोल."

रेणूताईनं केस मागे टाकले आणि अगदी जॉर्जियाच्या हेलात सुरुवात केली. "वेल, हनी, देअर्स ऑल दीज पीपल, अँड द स्मेल ऑफ दॅट करी..." इतकं हुबेहूब, की निमिष दारातच हसायला लागला. मीही हसले.

जीपी हसले नाहीत. "ही नक्कल झाली. नक्कल करताना समोरचा माणूस ऐकू येत नाही, आपलाच आवाज ऐकू येतो. बाजू मांड."

"त्यांना बाजूच नाहीये. दे जस्ट डोंट लाइक अस."

"मग तू हरणार."

तो शब्द तिच्यावर यायची ही पहिलीच वेळ. तिचे कान लाल झाले. "तुम्ही नक्की कुणाच्या साइडला आहात, जीपी?"

जीपींनी पत्राची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. याआधी तो इंग्रज कलेक्टरानं विचारला होता, आणि सांगायची वेळ आली म्हणून की काय, ते खुर्चीत थोडे पुढे सरकले.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची गोष्ट. धुळ्यातल्या एका शाळामास्तरावर खटला होता. टेलिग्राफच्या तारा तोडल्याचा आरोप, आणि घरात बंदी असलेली पत्रकं सापडलेली. मास्तरानं पहिल्याच दिवशी सांगितलं, मी हे कोर्ट मानत नाही, वकील देणार नाही, बोलणारही नाही. आणि खरोखरच तो खाली मान घालून गप्प उभा राहिला. सरकारतर्फे जीपी. बचावाचं बाक रिकामं.

"रिकाम्या बाकासमोर बोलायची मला लाज वाटली," जीपी म्हणाले. "म्हणून आधी त्याची बाजू मी मांडली. तारा तोडताना त्याला पाहणारा साक्षीदार एकच, तोही पोलीसपाटलाचा मेहुणा, अमावास्येच्या रात्री शंभर हातांवरून. मॅजिस्ट्रेटला म्हटलं, एवढ्यावर आपण माणसाला सक्तमजुरीला धाडू नये. मग खाली बसलो. मग उठलो आणि सरकारची बाजू मांडली. पत्रकं सापडली आहेत, तो नाकारत नाही, त्याबद्दल शिक्षा व्हावी."

"आणि झाली?" निमिषनं विचारलं.

"झाली. तारांचा आरोप पडला, पत्रकांचा राहिला. काही महिने आत जाऊन आला. कलेक्टरानं मला बोलावून विचारलं, राजाध्यक्ष, तुम्ही कुणाचे वकील? मी म्हटलं, सरकारचा. समोरच्याची बाजू तुम्हाला आधी ऐकवली नाही, तर तुम्हाला तुमची कळायची नाही."

"वॉव," रेणूताई म्हणाली. "मग तुम्ही हीरो झालात."

"छे. मास्तरानं मला मरेपर्यंत ओळख दाखवली नाही. बरोबरच होतं त्याचं, मी त्याला तुरुंगात पाठवला होता. तुझ्या आजीला, सरलाला, दोन वर्षं गावात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. स्वातंत्र्य आलं, पंधरा ऑगस्टला सुट्टी होती. सोळाला ऑफिसात गेलो. भिंतीवरचा इंग्रज राजाचा फोटो काढला होता, फायली त्याच होत्या." त्यांनी हात झटकला, जणू टेबलावरचं काही बाजूला सारलं. "कुणाच्या साइडला ते नंतर बघू. उद्या संध्याकाळी पाचला रस्ता ओलांडून हॅचरबाईंच्या दारात उभी राहा. तिथून आपलं घर बघ. तिथून ते कसं दिसतं, हे मला इथून दिसत नाही. बघून आलीस की बोलू."

दुसऱ्या दिवशी मुलांना पालकांच्या हवाली करायचं काम माझ्याकडे आलं. रेणूताई समोरच्या फुटपाथवर, हॅचरांच्या पत्रपेटीशी, फोनवर बोलत असल्याचं सोंग करून उभी राहिली. तिनं काय पाहिलं ते तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मला ते तिच्याच डोळ्यांनी दिसतं.

पाच वाजता पहिली गाडी आली. मग दुसरी, तिच्या मागे तिसरी. ड्राइव्हवेमध्ये दोनच मावतात, बाकीच्या रस्त्यावर. आश्लेषा ऑफिसातून दमून आलेली. तिनं मुलाला कडेवर घेतलं, "चला, निघते" म्हणाली आणि निघाली नाही. दारात तिला दुसऱ्या मुलाची आई, विनीता, भेटली. दोघी बोलत गाडीपर्यंत आल्या. मुलाला सीटमध्ये बसवून बेल्ट लावला, दार मात्र उघडंच, कारण बोलणं अर्ध्यात होतं. इलाची आजी उत्तराकाकू येताना डब्यातून काहीतरी घेऊन आल्या होत्या. ते कसं केलं हे सांगायला त्या एकेका गाडीच्या खिडकीशी वाकत होत्या. सगळे आळीपाळीनं "चला, निघू या" म्हणत होते, आणि त्या शब्दांनी दर वेळी नवा विषय सुरू होत होता. गाड्यांची इंजिनं चालू, दारं उघडी, एक मूल रस्त्याच्या मधोमध बूट काढत बसलेलं.

आतून रेणूताईला हे रोज ऐकू यायचं. तिला तो दिवसातला सगळ्यात छान आवाज वाटायचा. आईबाबांच्या घरची पाहुणेमंडळी निघाली की असाच आवाज व्हायचा. ती लहानपणी त्या आवाजात झोपी जायची.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे गॅरेजचं दार वर गेलं. मिस्टर हॅचर निळ्या गणवेशात गाडीत बसले आणि गाडी मागे घ्यायला लागले. अर्ध्या ड्राइव्हवेत थांबले, कारण ड्राइव्हवेच्या तोंडाशी आश्लेषाची व्हॅन आडवी होती. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. काच खाली केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते आरशात बघत बसले. मागचे पांढरे दिवे लागलेले होते, आणि रस्त्यातल्या एकाही माणसाला ते दिसत नव्हते.

रेणूताई त्यांच्या खिडकीशी गेली. तिथे पाळणाघरवाली बाई बघून ते दचकलेच. त्यांच्याकडून तिला कळलं ते असं. ते विमानतळावर मालवाहू विमानांचे मेकॅनिक. रात्रपाळी. दिवसा झोपतात, म्हणून पडदे ओढलेले, म्हणून कधी हात हलवायला बाहेर नाहीत. साडेपाचच्या आत हायवेला लागलं नाही तर ट्रॅफिकमध्ये अडकतात. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा झाला तर कामावरून काढतील. बायकोनं हरकत घेतली ती त्यांना न विचारता. ते म्हणाले, तुमची माणसं फार आनंदी दिसतात, मध्येच हॉर्न मारणं मला बरं वाटेना.

घरी येऊन ती पोर्चच्या पायरीवर बसली. मुलं गेलेली. जीपी खुर्चीतच होते.

"मी हॅचरबाई," ती म्हणाली. आणि मग तिनं बाजू मांडली. हेल नाही, हातवारे नाहीत. माझा नवरा रात्री काम करतो. हे लोक वाईट नाहीत, त्यांना निघताच येत नाही. मी त्यांना सांगायला जाऊ शकले असते, पण ते इतके सगळे असतात आणि मी एकटी. बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की पायरीवर दुसरीच कुणीतरी बसली आहे.

जीपींनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "आता तुझी केस उभी राहिली," ते म्हणाले. "बोर्डासमोर हेच आधी सांग. याच क्रमानं."

निमिषला हे अजिबात पटलं नाही. "आजोबा, सॉरी, पण हा सुसाइड आहे. आपल्याच तोंडानं सगळं कबूल करायचं? बोर्ड म्हणेल थँक यू, परमिट कॅन्सल."

"म्हणू शकेल," जीपी म्हणाले. "पण बाईंनी ते सांगितलं तर रेणूला त्याचं उत्तर द्यावं लागेल. रेणूनं सांगितलं तर बोर्डाला उत्तर शोधावं लागेल. त्यांना कामाला लाव."

त्या आठवड्यात रेणूताईनं दोनदा बेत बदलला. एकदा निमिषच्या ओळखीच्या वकिलाला फोनही केला; तो म्हणाला, हरकतीत दम नाही, तुम्ही फक्त नाकारा. ते सोपं होतं. नाकारलं तर कदाचित सरळ जिंकलीही असती. पण मग रोज पाचला त्या पांढऱ्या दिव्यांकडे पाठ करून उभं राहावं लागलं असतं, आणि ते आपल्याला जमणार नाही, असं ती मला भांडी लावताना म्हणाली.

सुनावणीला जीपी काळा कोट घालून आणि गळ्याला वकिलाची पांढरी पट्टी बांधून आले. रेणूताईनं पट्टी काढायला सांगितली, त्यांनी मान्य केलं आणि काढली नाही. सिटी हॉलचा छोटा हॉल, पाच बोर्ड मेंबर, पाण्याच्या बाटल्या. मागच्या ओळीत मराठी पालक झाडून सगळे, इस्त्रीचे कपडे घालून, कधी नव्हे ते एकदम गप्प. दुसऱ्या बाजूला मिसेस हॅचर, मांडीवर पर्स घट्ट धरून.

रेणूताईचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, माझ्याबद्दल बोलण्याआधी मी माझ्या शेजाऱ्यांची तक्रार तुम्हाला सांगते, कारण त्यांच्या लेखी हरकतीत ती नीट आलेली नाही. निमिषनं माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली. तिनं सगळं सांगितलं. रात्रपाळी, व्हॅन, दोन वेळचा उशीर, न वाजवलेला हॉर्न. मागच्या ओळीत आश्लेषानं मान खाली घातली. उत्तराकाकू विनीताच्या कानाशी लागल्या आणि मध्येच थांबल्या.

मग तिनं आपली बाजू मांडली. ती बाजू छोटीशीच होती. ही सहा मुलं, हे घर, आणि हे बंद झालं तर त्यांना दुसरीकडे कुठेही त्यांच्या आजीची भाषा ऐकायला मिळणार नाही. एवढं बोलून ती खाली बसली.

अध्यक्ष चष्म्यावरून मिसेस हॅचरकडे बघत होते. "मॅडम, यात काही भर घालायचीय?"

मिसेस हॅचर उठल्या. त्यांनी चार पानं लिहून आणली होती, ती हातातच राहिली. "नाही," त्या म्हणाल्या. "हिनं ते माझ्यापेक्षा बरं सांगितलं. मला ते बंद करून नकोय. माझ्या नवऱ्याला, डेलला, गाडी बाहेर काढता आली पाहिजे, बस."

बोर्डात कुजबूज झाली. एक मेंबर परमिट नाकाराच असं म्हणत होता. त्याच्या मते ज्यांनी दोष स्वतःच कबूल केला त्यांच्यावर विश्वास कशाला ठेवायचा. तेवढा एक क्षण रेणूताईचा चेहरा पडला. मग दुसरी एक बाई म्हणाली, मला तर यांच्यावरच विश्वास ठेवावासा वाटतो. मतं पडली, चारास एक. परमिट दिलं, अटीवर: रस्त्यावर एकही गाडी थांबणार नाही, मुलांना न्यायला पालकांनी एकापाठोपाठ एक यायचं आणि मूल घेतल्याबरोबर निघायचं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. अट मोडली तर परमिट रद्द.

बाहेर पार्किंगमध्ये सगळे रेणूताईभोवती जमले. पहिली पाच मिनिटं आनंदात गेली. मग तिच्या लक्षात आलं.

"मूल घेतल्याबरोबर निघायचं," ती म्हणाली. "जीपी, यांना कोण काढणार?"

प्रश्न खरा होता. सोमवारी तिनं प्रयत्न करून पाहिला. आश्लेषाला "बाय" म्हणून दार लावलं, तर आश्लेषा खिडकीतून बोलायला लागली. उत्तराकाकूंना तर काही म्हणायची सोयच नव्हती. वयानं मोठ्या, आणि हातात डबा. रेणूताई हात जोडत होती, काकू आणखी एक गोष्ट सांगत होत्या, आणि समोर गॅरेजचं दार वर जात होतं. त्या दिवशी मिस्टर हॅचर निघाले कसेबसे. असं सहा महिने चालणार नव्हतं. पाळणाघर बोर्डानं ठेवलं होतं आणि आपल्याच माणसांच्या गोडव्यानं ते जाणार होतं.

मंगळवारी जीपींनी खुर्ची पोर्चमधून उचलायला लावली आणि थेट दारात मांडली. अर्धं दार त्यांनी अडवलं. काळा कोट, हातात काठी. पाचला पहिली गाडी आली. जीपींनी आत वळून मुलाचं नाव पुकारलं, कोर्टाचा पट्टेवाला पुकारतो तसं, आडनावासकट. मूल आलं, आईच्या हातात गेलं. आईनं तोंड उघडलं.

"पुढचे," जीपी म्हणाले.

नव्वदी ओलांडलेल्या माणसापुढे कोण थांबणार? विनीता हसत निघाली. आश्लेषा "बरं, बरं" करत निघाली. नातीला न्यायला उत्तराकाकू चौथ्या आल्या, डबा छातीशी धरून. रस्ता रिकामा होता. समोर मिस्टर हॅचरांची गाडी मागे आली, वळली, आणि प्रथमच त्यांनी जाता जाता हात हलवला. जीपींनी काठी उचलून त्याला उत्तर दिलं.

उत्तराकाकूंनी इलाचा हात धरला, डबा पुढे केला आणि खुर्चीच्या बाजूनं आत डोकावल्या. "जीपी, रेणूला एकच सांगते हं, दोनच मिनिटं, ते बेसन भाजताना—"

जीपींनी डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि काठी दाराच्या चौकटीला आडवी लावली.

"लेखी द्या," ते म्हणाले.